दर पावसाळ्यात बिघडणारा दाढीचा ब्रश: बॅजर आणि डुक्कर यांच्या मिश्र केसांचा ब्रश निवडताना, सांभाळताना

नागपंचमी होऊन गेली की दुकानात एक ठरावीक तक्रार यायला लागते आणि चतुर्थीपर्यंत तिचा जोर वाढत जातो. देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, कंगवे आणि दाढीचं सामान. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी काही बोलत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ब्रश काढून समोर ठेवतो. "बघ रे, हेचे केस गळतत. गेल्या चवथीक घेतलंलंय, वरीस पण नाय झाला." दुसरा आपला ब्रश माझ्या नाकाशी धरतो. तिसऱ्याचं म्हणणं, फेस वाटीत भरपूर होतो, पण गालावर चढवून रेझर फिरवेपर्यंत निम्मा विरून जातो.

गेली काही वर्षं मी या तक्रारी वहीत लिहून ठेवतो. ब्रश कोणता, मूठ कशाची, घरात पाणी कुठलं, दाढी झाली की ब्रश ठेवतात कुठे. नायलॉनच्या ब्रशाची तक्रार जवळजवळ येत नाही. नुसत्या डुकराच्या केसांच्या ब्रशाची थोडी येते. सगळ्यांत जास्त येते ती मिश्र ब्रशाची, म्हणजे ज्यात बॅजर या बिळात राहणाऱ्या जंगली प्राण्याचे आणि डुकराचे केस एकत्र बांधलेले असतात. मी स्वतः असाच ब्रश वापरतो आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून ही वही मी जरा जास्तच काळजीने ठेवली. त्यातून माझं मत असं झालं आहे की बिघडलेल्यातले बरेच ब्रश मुळात चांगले होते. घेताना आपण बोटांनी चाचपून मऊपणा बघतो. आपल्या किनाऱ्यावर आधी बघायला हवं ते हे, की भर जुलैत हा ब्रश वाळणार कसा.

दोन केस, दोन स्वभाव

डुकराचा केस राठ असतो. मुळाशी जाड, वर निमुळता, आणि टोकाला दोन-तीन फाटे. हा केस स्वतः पाणी पितो, फुगतो आणि नरम पडतो. म्हणूनच कोरडा असताना टोचणारा ब्रश भिजवल्यावर गालाला सुसह्य होतो. वापरत गेलं की शेंड्यांचे फाटे वाढतात आणि ब्रश दिवसेंदिवस मऊ होत जातो. तो रुळायला महिना-दीड महिना द्यावा लागतो.

बॅजरच्या केसाची घडण उलटी. त्याच्या मधल्या भागात काळा पट्टा असतो आणि तिथेच तो सर्वांत जाड असतो. टोकाकडे तो सुईसारखा बारीक होत जातो, टोकाला फाटा नसतो. पाणी तो मुख्यतः केसाकेसांमधल्या फटींत धरून ठेवतो, त्यामुळे त्याला भिजत घालावं लागत नाही, आणि पहिल्या दिवसापासून तो मऊच लागतो. पण त्याच्यात ताठा कमी. घट्ट साबणाच्या वडीवरून साबण उचलायचा तर डुकराचा केस बरा.

दोन्ही एकत्र बांधले की बॅजरचा मऊपणा मिळतो, डुकराचा जोर मिळतो, आणि निव्वळ बॅजरपेक्षा किंमतही कमी पडते. इटलीत बोलोन्यातली ओमेगा ही १९३१ पासूनची कंपनी, पोर्तुगालची सेमोग, हे दोघेही असे मिश्र ब्रश बनवतात. त्यांच्या देशांतही समुद्र आहे. पण तिथे पाऊस पडतो तो मुख्यतः थंडीत, उन्हाळा कोरडा. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या खाली फारसा उतरत नाही. तिथे सकाळी वापरलेला ब्रश ठेवून दिला की आपसूक वाळतो. इथे त्याला वाळवावं लागतं.

आता या मिश्रणातली खरी मेख. दोन्ही केस वेगवेगळ्या वेगाने वाळतात. दुपारी ब्रशावरून हात फिरवला तर शेंडे कोरडे, भुरभुरीत लागतात. आतला, बुडाकडचा डुकराचा केस मात्र पाणी पिऊन बसलेला असतो. काही ब्रशांत तर डुकराचे केस मध्यभागी आणि बॅजरचे भोवतीने बांधलेले असतात. तिथे ही फसगत हमखास होते. ब्रश वाळला की नाही हे बघायचं तर केस दोन अंगठ्यांनी मधोमध फाकवा आणि बुडाशी ओठ टेकवा. ओठांना गारवा लागला तर तो ओला आहे. बोटांना हे कळत नाही, ओठांना कळतं. स्वयंपाकघरात बारीक वजनकाटा असेल तर आणखी बरं: पूर्ण कोरड्या ब्रशाचं वजन एप्रिलमध्ये लिहून ठेवा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तो २-३ ग्रॅमने जड भरला, तर तेवढं पाणी अजून त्याच्या पोटात आहे.

फेस मध्येच मरतो

हे दुखणं सर्वांत सोपं आहे, आणि बहुतेक वेळा कारण एकच: ब्रश पुरेसा भिजवलेला नसतो. बॅजरचे शेंडे पाण्याला लागताक्षणी मऊ पडतात, त्यामुळे ब्रश तयार झाला असं वाटतं. डुकराचा केस अजून तहानलेलाच असतो. मग तो साबणाच्या फेसातलं पाणी पितो. फेस वाटीत उभा राहतो, चेहऱ्यावर जातो, आणि दुसऱ्यांदा रेझर फिरवायच्या वेळी कोरडा पडून चरचरतो.

तेव्हा कोमट पाण्यात ३ ते ५ मिनिटं ब्रश बुडवून ठेवा. बुडवायचे ते फक्त केस. मूठ आणि केस जिथे मिळतात ती कड पाण्याच्या वर राहू द्या. बोट सुखाने बुडवता येईल इतकंच पाणी गरम असावं. उकळतं पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने केस ठिसूळ होतो आणि आतली डिंकाची पकड सुटायला लागते. भिजवून झालं की दोनदा झटका, पिळू नका.

एवढं करूनही फेस टिकत नसेल तर पाण्याकडे वळा. पारदर्शक बाटलीत निम्म्यापर्यंत घरचं पाणी घ्या, साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत पागोळीचं पाणी घेऊन तसंच करा. पागोळीच्या बाटलीत फेस भरेल आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहील. घरच्या पाण्याच्या बाटलीत पांढरा साका दिसला आणि फेस बसला, तर दोष ब्रशाचा नाही.

आपल्याकडे जांभ्या दगडातलं पाणी सहसा मृदू असतं. आत डोंगराकडच्या गावांत ही अडचण फारशी येत नाही. खाडीकाठी मात्र मार्चनंतर विहिरी खाली जातात, गोड्या पाण्याचा जोर ओसरतो आणि पाणी मचूळ व्हायला लागतं. मीठ साबणाला पाण्यात विरघळू देत नाही. साबणाच्या कारखान्यात तर कढईतला साबण वेगळा काढण्यासाठी मुद्दाम मिठाचं पाणी घालतात. तेच आपल्या दाढीच्या वाटीत, लहान प्रमाणात, नकळत होत असतं. खोबरेल तेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही इतरांपेक्षा बरा फेस देतो, म्हणून पूर्वी जहाजावर समुद्राच्या पाण्यात वापरायला तो नेत. एप्रिल-मेपुरता दाढीचा साबण घेताना वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत वरच्या नावांत 'कोकोएट' (म्हणजे खोबरेल तेलाचा साबण) असा शब्द दिसतो का ते बघा. आणि तेवढंही नको असेल तर दाढीपुरतं एक तांब्या गोडं पाणी वेगळं ठेवा. एका दाढीला त्याहून जास्त लागत नाही.

वास

वास दोन तऱ्हेचे, आणि ते ओळखता आले पाहिजेत, कारण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

नव्या ब्रशाला ओल्या जनावरासारखा वास येतो. तो डुकराच्या केसाचा, आणि त्यात बिघाड काही नाही. रिठ्याच्या पाण्यात किंवा थोड्या शाम्पूने धुवा, दाढीच्या साबणाचा दाट फेस करून तो ब्रशावरच रात्रभर राहू द्या, सकाळी धुऊन टाका. चार-पाच दिवस असं केलं की वास जातो. काही जण घाईने धुण्याच्या सोड्यात किंवा विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात ब्रश बुडवतात. हे अजिबात करू नका. ब्लीच केसालाच खातं आणि सोडा त्याला रुक्ष करतो. एकदा तसा झालेला केस पुन्हा सुधारत नाही.

दुसरा वास कुबट. बंद माजघरातल्या गोधडीसारखा. तो महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होतो आणि दर श्रावणात परत येतो. माझ्या वहीत सर्वांत जास्त पानं याचीच आहेत.

बराच काळ मला वाटत होतं की हा नुसता पावसाळी हवेचा परिणाम. पण मग एक गोष्ट जुळेना. आमच्याच गावात वरच्या वाडीत, जिथे झऱ्याचं पाणी येतं, तिथल्या लोकांचे तेच ब्रश त्याच पावसात बरे राहत होते. खालच्या वाडीतले, खाडीला लागून असलेले, कुबटत होते. पाऊस दोघांनाही सारखाच. फरक विहिरीचा.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे प्रत्येक घरात माहीत असतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठही हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याआधीच पाझरतं. आता विचार करा: मार्च ते मे आपण रोज मचूळ पाण्याने ब्रश धुतला. उन्हात तो खडखडीत वाळला, पण पाणी उडून गेलं तरी मीठ केसांच्या बुडाशी राहिलं. साबणाचा साकाही त्याच जागी बसला. जून लागला. आता ते मीठ रात्रंदिवस हवेतलं पाणी ओढतं. ब्रश तुम्ही दोन दिवस वापरला नाही तरी तो आतून ओलाच. खायला साबणाचा थर आणि चेहऱ्याची त्वचा-तेल, राहायला ओल. बुरशीला आणखी काय हवं.

हे लक्षात आल्यापासून मी पहिला उपाय हाच सांगतो: ब्रशाचं शेवटचं धुणं गोड्या पाण्याचं. बाकी दाढी मचूळ पाण्याने झाली तरी चालेल. शेवटी अर्धा पेला गोडं पाणी घ्या, केस त्यात उघडझाप करून धुवा, पुन्हा अर्धा पेला घ्या. पावसाळ्यात तर पागोळीचं पाणी दाराशी आहे. पहिल्या आठवड्यात कौलांवरची धूळ आणि पाचोळा वाहून जाऊ द्या, मग भांडं लावा.

ज्यांचा ब्रश आधीच कुबटला आहे त्यांनी हे करावं. अर्धा लिटर गोड्या कोमट पाण्यात किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व एक लहान चमचा विरघळवा. ब्रश आधी शाम्पूने धुवा, मग या पाण्यात पाच मिनिटं केस बुडवून हलके फाकवत राहा. पाणी गढूळ होईल. तो साका सुटतोय. आमसुलाचं पाणीही आंबट असतं, म्हणून एकाने तेच वापरलं होतं. केसांना लालसर रंग चढला तो उतरला नाही. लिंबूसत्त्व झालं की भरपूर गोड्या पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा एवढं पुरे.

मग वाळवणं. ब्रश उलटा टांगायचा की मुठीवर उभा ठेवायचा यावर लोक हिरिरीने बोलतात. माझ्या अनुभवात फरक फार थोडा. फरक पाडतो तो वारा. झटकून, जुन्या सुती धोतराच्या किंवा पंचाच्या तुकड्यावर केस आडवे-उभे पुसून घ्या, हाताने फुलवा, आणि ब्रश न्हाणीघरातून बाहेर काढा. न्हाणी ही घरातली सर्वांत ओली जागा. तिथल्या कोनाड्यात ठेवलेला ब्रश ऑगस्टमध्ये वाळणार नाही. पडवीत जिथे वारा खेळतो तिथे किंवा चालू पंख्याखाली दोन तास ठेवा. चुलीच्या वर किंवा गॅसच्या शेगडीजवळ मात्र नको. वरचा केस करपतो, ठिसूळ होतो, धुराचा वास बसतो आणि बूड ओलंच राहतं.

त्या पिशवीवाल्या तात्यांना मी विचारलं होतं, "तात्यानू, पिशयेत कित्याक ठेवतास?" ते म्हणाले, "झुरळां फिरतत रात्रीची." कारण खरं होतं. मोरीत ठेवलेल्या ब्रशावर झुरळं येतात, साबण चाटतात. पण बंद पिशवी म्हणजे ओल कोंडणं. त्यांना मी भाजीच्या जाळीच्या पिशवीचा तुकडा शिवून दिला आणि ब्रश ओटीवरच्या खुंटीला टांगायला सांगितलं.

ज्यांना रोज दाढी करावी लागते त्यांनी पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. एक दिवसाआड म्हणजे प्रत्येकाला ४८ तास मिळतात. दुसरा ब्रश महागडा असायची गरज नाही. साधा नायलॉनचा चालेल, तो पटकन वाळतो.

लिंबूसत्त्वानेही वास गेला नाही आणि केस फाकवल्यावर बुडाशी काळे-हिरवट ठिपके दिसले, तर तो झुबका चेहऱ्याला लावू नका. दाढीच्या जागी पुटकुळ्या उठत असतील, खाज येत असेल, तर ब्रश बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि घरात दोन पुरुषांनी एक ब्रश वापरायची पद्धत असेल तर ती मोडा.

केस गळतात

गळलेला केस टाकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि पट्टीने मोजा. ब्रशाच्या मुठीच्या वर दिसणाऱ्या केसांची उंचीही मोजा. या दोन आकड्यांतून बरंच काही कळतं.

गळलेला केस वर दिसणाऱ्या उंचीपेक्षा लांब असेल, तर तो डिंकातून मुळासकट उपसून आला. नव्या ब्रशाचे असे काही केस पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जातात. बांधताना नीट न धरलेले ते असतात. त्यानंतरही रोज पाच-सहा निघत राहिले तर आतली पकड सुटते आहे. दुकानदाराकडे परत न्यायचा तो हा ब्रश, आणि मी असा ब्रश बदलून देतो.

केस उंचीपेक्षा आखूड असेल तर तो तुटला आहे. इथे दोष बनवणाऱ्याचा कमी आणि वापराचा जास्त. ब्रश गालावर दाबून गोल गोल रगडला की केस बुडाशी वाकून मोडतात. विशेषतः मिश्र ब्रशात, कारण डुकराचा केस वाकत नाही आणि शेजारचा बॅजर वाकतो. दोघांत घर्षण होतं. त्यात बुडाशी साक्याचा कडक थर असेल तर केस नेमका त्या थराच्या काठावर तुटतो. रंगाचा ब्रश फिरवतात तसे वर-खाली हात मारा, शेंड्यांनी काम घ्या. फेस पसरवायला दाब लागत नाही.

तिसरी तऱ्हा बघायला वेगळी. ब्रशाच्या एकाच बाजूला खड्डा पडलेला, केस कातरल्यासारखे, वेगवेगळ्या लांबीचे. ही कसर. लोकरीला, रेशमाला लागते तीच. केसही लोकरीच्याच द्रव्याचे बनलेले आहेत. वापरातल्या ब्रशाला ती सहसा लागत नाही. लागते ती कपाटात पडून राहिलेल्याला.

घेताना

आता निवड. मिश्र ब्रशातला बॅजर 'प्युअर' आहे की 'बेस्ट' की 'सुपर', यावर फार अडून बसू नका. या प्रतींना सगळ्यांनी पाळावं असं एक मोजमाप नाही. एका कंपनीचा 'बेस्ट' दुसरीकडे 'सुपर' म्हणून विकला जाऊ शकतो.

त्याऐवजी बुडाचा व्यास विचारा. परदेशात २४ ते २६ मिलिमीटरचे गच्च ब्रश लोकप्रिय आहेत आणि चित्रात ते फार देखणे दिसतात. कोकणासाठी मी २० ते २२ मिलिमीटर सांगेन. केस गच्च नसावेत. दोन बोटांनी फाकवल्यावर बूड सहज दिसलं पाहिजे. जिथे नजर पोचते तिथे वारा पोचतो. केसांची उंची ५० मिलिमीटरच्या आसपास असली की पुरे. त्याहून फार आखूड घेतला तर ताठ होतो आणि गालाला टोचतो, फार उंच घेतला तर ढिला पडतो आणि फेस पोटातच ठेवतो.

मूठ रेझिनची किंवा चांगल्या जाड प्लास्टिकची घ्या. लाकडाचा मोह मला कळतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकूड कातून त्यावर लाखेचा रंग चढवणाऱ्या कारागिरांचा हात बघण्यासारखा असतो, आणि तशी मूठ मीही हौसेने करून घेतली होती. ती आज माझ्या टेबलावर शोभेला आहे. लाख ही खेळण्यांवर, पाटावर, देव्हाऱ्यावर छान; रोजच्या कोमट पाण्यात ती पांढुरकी पडते, मग लाकूड ओल धरतं, फुगतं, आणि उन्हाळ्यात आक्रसलं की बुडाभोवती चीर पडते. त्या चिरेत पाणी शिरलं की झुबका हलायला लागतो. पितळेची मूठ खाऱ्या हवेत हिरवी पडते, रोज पुसायची तयारी असेल तरच घ्या.

आता खरेखोटेपणा. डुकराच्या पांढऱ्या केसावर मधोमध काळा पट्टा रंगवून बॅजरसारखा दिसणारा ब्रश सर्रास मिळतो. कंपनी तसं स्पष्ट लिहीत असेल तर त्यात वावगं काही नाही, तो स्वस्तातला चांगला ब्रश असू शकतो. पण मिश्र म्हणून जास्त पैसे देत असाल तर तपासा. ओल्या पांढऱ्या कापडावर केस घासा, रंग उतरतो का बघा. भिंगाखाली शेंडे बघा: फाटे असलेले आणि सुईसारखे, असे दोन्ही दिसले पाहिजेत. सगळ्यांनाच फाटे असतील तर तो नुसता डुकराचा. गळलेला एक केस चिमट्यात धरून जाळा. खऱ्या केसाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. प्लास्टिकचा तंतू वितळून कडक मणी होतो.

बॅजरची नक्कल जुनीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनासे झाले तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे करून ब्रश बांधले गेले. त्यातले काही नीट निर्जंतुक न केल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला, माणसं दगावली. आज नामांकित कंपन्यांचे केस निर्जंतुक केलेले असतात. तरी जत्रेत, फुटपाथवर, वेष्टन नसलेला 'प्राण्याच्या केसांचा' ब्रश घेऊ नका. त्याला दुसरंही कारण आहे. आपल्या देशात मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश चोरून विकले जातात आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे. केस कशाचा हे विकणारा सांगू शकत नसेल तर तिथून पुढे चला.

एक गोष्ट मी विकताना न विचारता सांगतो. आमच्या पंचक्रोशीत कोकणी मुसलमान वस्ती मोठी आहे. मिश्र ब्रशावर अनेकदा ठळक अक्षरांत फक्त 'बॅजर' लिहिलेलं असतं, आणि नुसतं 'नॅचरल ब्रिसल' लिहिलेलं असेल तर तो केस बहुधा डुकराचा असतो. गिऱ्हाइकाला हे घरी गेल्यावर कळणं बरोबर नाही. प्राण्याचा केसच नको असणारेही बरेच आहेत. अशांना मी आजकालचे मऊ सिंथेटिक ब्रश दाखवतो. ते फेस उत्तम करतात, भिजवावे लागत नाहीत, आणि पावसाळ्यात तासाभरात वाळतात. भेट म्हणून मिश्र ब्रश घेणाऱ्यांनी तर आधी विचारूनच घ्यावा.

घर बंद करून जाताना

हे खास चाकरमान्यांसाठी. गणपतीला येताना चांगला ब्रश आणतात, विसर्जन झालं की घाईत तो ओलाच कपाटात किंवा ट्रंकेत ठेवून मुंबईची गाडी पकडतात. मग शिमग्याला दार उघडलं की ब्रश हाती येतो तो कुबट, नाहीतर कसर लागलेला.

शक्यतो बरोबर घेऊन जा. ठेवायचाच असेल तर निघायच्या दोन दिवस आधी त्याची शेवटची दाढी करा. लिंबूसत्त्वाच्या पाण्यातून काढा, गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस पंख्याखाली वाळवा, ओठ लावून खात्री करा. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि चपलांच्या नाहीतर औषधांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या दोन पुड्या आत टाका. पूर्ण वाळलेला ब्रश बंद बरणीत चालतो. कसरीला आत वाट मिळत नाही. डांबरगोळी टाकू नका, तिचा वास केसांत महिनोन्महिने राहतो आणि ती वस्तू चेहऱ्याजवळ आणण्यासारखी नाही.

तात्यांच्या ब्रशाचे गळलेले केस मी मोजले होते. सगळे उंचीपेक्षा आखूड, म्हणजे तुटलेले. पकड शाबूत होती. बुडाशी साक्याचा थर नखाने खरवडता येईल इतका जाड, पण ठिपके नव्हते. तीन वेळा लिंबूसत्त्वातून काढल्यावर वास गेला. गळणं दोन आठवड्यांत थांबलं, कारण ठिसूळ झालेले केस तोवर तुटून गेले होते. झुबका थोडा विरळ झाला आहे. ते म्हणतात, आता फेस आधीपेक्षा लवकर चढतो आणि ब्रश संध्याकाळपर्यंत वाळतो.